छिद्र सापडले नाही

रक्त हे शरीराच्या आत असावं, असा जगभरच्या वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण कल आहे. याबाबत तज्ज्ञांमध्ये फारसे मतभेद नाहीत. तरीही हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायच्या झाल्या तर डॉक्टरांना कुठूनतरी आत शिरावं लागतं, आणि हृदयाकडे जाणारा रस्ता बऱ्याचदा जांघेतून सुरू होतो (कवींनी ही माहिती अजून मनावर घेतलेली नाही). जांघेतल्या धमनीला भोक पाडायचं, तिथून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवायची, काय ते बघायचं आणि नळी बाहेर काढायची. इथवर सगळं शास्त्रशुद्ध असतं. मग भोक उरतं.

पूर्वी या भोकावर सिस्टर तीन बोटं ठेवून वीस-पंचवीस मिनिटं दाबून धरत. रक्त थांबे. या पद्धतीचे दोष उघड होते. बोटं दुखतात. बोटांना वॉरंटी नसते. बोटांची सुधारित आवृत्ती दर दोन वर्षांनी बाजारात आणता येत नाही. आणि सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे, परिषदेत पडद्यावर बोटं दाखवली तर समोरचे डॉक्टर चहाला उठून जातात. म्हणून एका कंपनीने 'रक्तवाहिनी छिद्रशोधक व छिद्ररोधक संयंत्र' तयार केलं. पेनाएवढी दांडी, दांडीला वायर, वायरच्या टोकाला स्क्रीन. दांडी आत सरकवली की ती धमनीतलं भोक स्वतःच शोधते, स्क्रीनवर हिरवा दिवा लागतो, आणि बटण दाबलं की पुढे आपोआप विरघळणारं एक चिमुकलं बूच भोकात जाऊन बसतं. माहितीपत्रकाप्रमाणे यशाचं प्रमाण अठ्ठ्याण्णव टक्के होतं. (उरलेले दोन टक्के मागच्या पानावर बारीक अक्षरात होते. ते वाचायचं भिंग कंपनी बनवत नसे.)

हे यंत्र दवाखान्या-दवाखान्यांतून दाखवत हिंडायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याचं पद होतं 'वरिष्ठ रक्तवाहिनी-बंदी सल्लागार'. त्याची आई शेजारणींना सांगायची, "पंक्चर काढतो. पण टाय लावून." हे ऐकून तो चिडायचा, कारण यात चुकीचं काही सापडत नसे.

प्रात्यक्षिकासाठी त्याच्याकडे एक रबरी मांडी होती. तिच्या आत तांबडं पाणी खेळवलेलं असे. घरी ती कपाटावर ठेवलेली असायची, आणि कुणी येणार असलं की बायको म्हणायची, "आधी ती मांडी पलंगाखाली सरकवा. मागच्या वेळी माझी मावशी जेवलीच नाही." त्या मांडीवर त्याने यंत्र शेकडो वेळा चालवलं होतं. अपयश एकदाही आलं नव्हतं, आणि मांडीचीही काही तक्रार नव्हती. खऱ्या रक्ताचं मात्र त्याला वावडं होतं. दाढी करताना जरा कापलं तरी तो उलट्या बादलीवर डोळे मिटून बसून राही. नोकरीच्या मुलाखतीत त्याला फिरतीची तयारी, बोलण्यातला आत्मविश्वास आणि टायची गाठ यांविषयी विचारलं गेलं होतं. रक्ताचा विषय निघाला नव्हता.

तर अशा या सल्लागारावर एका मोठ्या रुग्णालयात यंत्राच्या उद्घाटनाची जबाबदारी आली. कंपनीच्या साहेबांनी निघताना बजावलं होतं, "हे रुग्णालय हातचं गेलं, तर मांडी तेवढी परत पाठवून द्या. तुम्ही आला नाहीत तरी चालेल."

रुग्णालयाने तयारीत कसर ठेवली नव्हती. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराला बांधायची रिबीन वाफेवर निर्जंतुक करून घेतली होती. कात्री निर्जंतुक केली होती. तबकही केलं होतं. (प्रमुख पाहुणे निर्जंतुक करायची सोय नव्हती, म्हणून त्यांना मास्क दिला. भाषणाच्या वेळी तो त्यांनी काढला.) रुग्ण म्हणून निवड झाली ती बसस्थानकाच्या एका निवृत्त निवेदकांची. गाडी कुठे लागणार, कधी सुटणार, का सुटणार नाही, हे त्यांनी सगळी नोकरी लाउडस्पीकरवरून सांगितलं होतं. वॉर्डात सगळे त्यांना घोषणाकाका म्हणत. आयुष्यभर त्यांनी खणखणीत आवाजात खरी माहिती दिली होती, आणि ती ऐकून लोकांनी शेजारच्याला विचारलं होतं, "काय म्हणाले?"

तपासणी झकास झाली. मोठे डॉक्टर हुशार होते, हात हलका होता. काकांच्या एका रक्तवाहिनीत थोडा अडथळा निघाला, तो गोळ्यांवर भागणार होता. मग डॉक्टरांनी यंत्राची दांडी हातात घेतली. खोलीत पाहुणे, अधीक्षक, फोटोवाला आणि पुष्पगुच्छ अशी गर्दी झाली. सल्लागाराला फोटोसाठी गाऊन आणि हातमोजे घालून काकांच्या मांडीशी उभं केलं होतं. तो स्क्रीनकडे बघत होता. मांडीकडे बघायचं नाही, एवढं त्याने ठरवून टाकलं होतं.

स्क्रीनवर अक्षरं उमटली: छिद्र सापडले नाही.

"म्हणजे छिद्रच नाही," अधीक्षक पाहुण्यांच्या कानाशी म्हणाले. "उत्तम."

विचार तर्काला धरून होता. यंत्राला कुठलंही छिद्र सापडतं. त्याला सापडलं नाही, याचा अर्थ ते नाही. नाही, याचा अर्थ बुजलं. काम सुरू होण्याआधीच पूर्ण झालं होतं, आणि रुग्णालयाच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मोठ्या डॉक्टरांच्या कपाळाला मात्र आठी पडली. "आता काय?" त्यांनी सल्लागाराला विचारलं.

"बंद करून परत चालू करू या, सर."

(विज्ञानाच्या सर्व शाखांत हा उपाय प्रथम करून बघतात.) यंत्र बंद झालं, चालू झालं. कंपनीचं बोधचिन्ह गरगर फिरलं, छोटीशी धून वाजली, आणि हिरवा दिवा लागला. डॉक्टरांनी बटण दाबलं. स्क्रीन म्हणाली: छिद्र बंद झाले. आपला दिवस शुभ असो.

डॉक्टरांनी दांडी बाहेर काढली, हातमोजे उतरवले आणि फोटोसाठी वळले. अधीक्षकांनी एक पुष्पगुच्छ पाहुण्यांना दिला, पाहुण्यांनी तो डॉक्टरांना दिला, डॉक्टरांनी सिस्टरकडे दिला. असे तीन गुच्छ सिस्टरच्या हातात साठले.

"कृपया इकडे लक्ष द्यावे," टेबलावरून काकांचा खणखणीत आवाज आला. "उजव्या मांडीखाली ओलं लागतंय."

"काका, हिरवा दिवा लागलाय," अधीक्षक हसून म्हणाले.

"दिवा हिरवा असेल हो. चादर बघा."

सगळ्यांनी स्क्रीनकडे बघितलं. दिवा हिरवाच होता. पाहुण्यांनीसुद्धा खात्री करून घेतली. खोलीतल्या सहा जणांनी मान वर केली होती, आणि खाली बघणारा सातवा जो होता तो आडवा होता.

फोटोवाल्याने सल्लागाराला खांद्याला धरून जरा वळवलं, आणि नको होतं तेच त्याच्या डोळ्यांसमोर आलं. लाल डाग पसरत होता. रबरी मांडीतलं पाणी थेंब-थेंब गळायचं, हे उसळत होतं, ठोक्याठोक्याला. माहितीपुस्तिकेतलं 'शंकासमाधान' प्रकरण त्याच्या डोळ्यांपुढून सरकलं. त्यात चादरीचा उल्लेख कुठेच नव्हता. आजूबाजूला बादली शोधण्यात त्याचा एक क्षण गेला.

तेवढ्यात सिस्टरचं लक्ष गेलं. "अहो टायवाले! दाबा तिथे!"

"मी?"

"मोजे तुमच्याच हातात आहेत ना? तीन बोटं. वर... अजून वर. हां! दाबा. सोडू नका!"

त्याने डोळे मिटले आणि दाबलं. सिस्टरने गुच्छ फेकले, चादर ओढली, रक्तदाबाचा पट्टा काकांच्या दंडाला आवळला. डॉक्टर धावत आले, वाकून बघितलं, आणि त्यांची नजर पहिल्यांदाच स्क्रीनवरून पुरती सुटली.

"अगदी जागेवर आहेत बोटं," ते हळूच म्हणाले. "हलू नका. आता हात बदलायला गेलो तर परत सुटेल. सिस्टर, इथेच थांबा. मी पाहुण्यांना बाहेर काढतो."

फोटो तेवढा निघाला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. खाली लिहिलं होतं, 'अत्याधुनिक यंत्राने छिद्र बंद करताना तज्ज्ञ.'

खोली रिकामी झाली. राहिले काका, सिस्टर आणि तो.

"घाबरलात का?" काकांनी छताकडे बघत विचारलं.

"हो."

"मीपण. बोटाखाली काय लागतंय?"

त्याने नीट लक्ष दिलं. "ठोके लागतायत, काका."

"स्क्रीनवर बघून सांगताय?"

"नाही. बोटाला लागतायत."

"मग बरं आहे," काका म्हणाले आणि त्यांनी इतका वेळ घट्ट धरलेली टेबलाची कड सोडली. थोड्या वेळाने म्हणाले, "बाहेर आमच्या घरच्या बसल्यात. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नसेल. त्यांना जरा सांगून येता?"

"कसा जाऊ? हात सोडता येत नाही."

"खरंच की. मग मीच सांगतो." आणि सिस्टर "अहो, नको" म्हणेपर्यंत काकांनी दाराकडे तोंड केलं. "कृपया इकडे लक्ष द्यावे! बाकड्यावर बसलेल्या बाईंनी चहा घेऊन घ्यावा. हृदय ठीक आहे. आम्ही थोडे उशिरा सुटणार आहोत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत!"

त्याच्या बोटांखाली ठोका दणकन उसळला. बाहेरून लगेच उत्तर आलं, "ऐकलं हो! ओरडू नका, टाका तुटेल!"

टाका नव्हताच. होती ती तीन बोटं. तरी सल्लागाराला हसू आलं. त्याचा हात मनगटापर्यंत बधिर झाला, पाठीला रग लागली, नाकावर खाज आली ती सिस्टरने खाजवून दिली. नंतर कधीतरी तिने बोटं एकेक करून उचलायला लावली, आणि चादर कोरडी राहिली. तो बाहेर गेला, काकूंच्या शेजारी बाकड्यावर मटकन बसला. त्यांनी न विचारता आपला अर्धा चहा त्याच्या पुढे सरकवला.

त्या संध्याकाळी त्याने कंपनीला दोन ओळी कळवल्या: यंत्र चाललं नाही. हाताने दाबलं. नोकरी गेली असं समजून त्याने मांडी सुटकेसमध्ये नीट गुंडाळून ठेवली.

कंपनीला त्याचा विनय फार आवडला. रुग्णालयाच्या समितीचा निष्कर्षही आला: छिद्र शोधलं गेलं आणि बंद झालं, यशाचं प्रमाण शंभर टक्के (एकापैकी एक), यंत्राने हे काम आपल्या प्रतिनिधीमार्फत केलं, ही त्याची विशेष क्षमता होय. रुग्णालयाने आणखी यंत्रं मागवली. अट एकच, प्रत्येक यंत्राबरोबर एक माणूस यावा. कंपनीने 'हस्त-सहाय्य विभाग' उघडून सल्लागाराला त्याचा प्रमुख केलं. त्याच्या हाताखाली आता टाय लावलेले बरेच जण आहेत. त्यांची नखं कापलेली असतात. यंत्र चाललं तर ते बाजूला उभे राहतात, नाही चाललं तर दाबतात. एकंदर यश माहितीपत्रकात यंत्राच्या नावावर जातं. आईने शेजारणींना सांगितलं, "बढती मिळाली. आता हाताने काढतो."

खरं रक्त बघून तो अजून डोळे मिटतो, पण बादली लागत नाही. तपासणीआधी तो नातेवाइकांजवळ जाऊन बसतो आणि खरं काय ते सांगतो. यंत्र बहुतेक वेळा काम करतं. बोटंही करतात. बोटांना वेळ लागतो, पण ओलं लागलं तर त्यांना लगेच कळतं. नातेवाईक माना डोलावतात. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला बोटं पुरतील, यावर त्यांचं तात्काळ एकमत होतं.

वाचकहो, तुम्ही त्यांच्यातले नाही, हे उघड आहे. तुम्ही इथवर हसत आलात, म्हणजे तुम्हाला सगळं कळलेलं आहे. तेव्हा समजा, दाराच्या आत तुमची आई आहे, आणि सिस्टर दार किलकिलं करून तुम्हालाच विचारते आहे: तीन बोटं की हिरवा दिवा?

सावकाश विचार करा. भोक मात्र पाडून झालं आहे.