भुवडमामांची पिवळी पिशवी

भाचीच्या लग्नात भुवडमामा मांडवभर फिरून खाली पडलेल्या साडीच्या पिना वेचत होते. बिस्किटांचा रिकामा डबा खडखडवत म्हणाले, "टोचेल ते डब्यात, बाकी रंग बघून!" नवरीच्या खांद्यावरची पिनसुद्धा त्यांनी मागितली होती म्हणतात. मला खोटं वाटत नाही.

रत्नागिरीतल्या एका प्रसूतिगृहात मी मुख्य सिस्टर आहे. तिथला कचरा मामांच्या ताब्यात. रक्तामांसाचं पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. एकदा मोठ्या डॉक्टरांनी सुई लाल पिशवीत टाकली. मामा भर ओपीडीत ती पिशवी घेऊन केबिनमध्ये शिरले. "साहेब, ही उद्या कोणाच्या हातात घुसणार त्याचं नाव सांगा. लिहून ठेवतो." डॉक्टर अजून त्यांना वचकून असतात.

त्या मामांसमोर देवरूखकडची एक आजी उभी राहिली. तिला नातू झाला होता. स्टीलचा डबा पुढे करून म्हणाली, "बाळामागनं पडलेली वार दे. दारात पुरायची हाय."

"मिळायची नाही. वार पिवळ्या पिशवीत. गाडी नेते, जाळतात."

"मेल्या, माज्या नातवाची वार जाळतोस?"

"जाळणारच. कुत्र्यांनी उकरली म्हणजे?"

आजीनं कचराखोलीच्या दारात बसकण मारली. "तिघं मुलगे मुंबैला गेले. ह्याची वार मातीत गेली तर ह्यो तरी घरला परत येल."

"त्या तिघांच्या वारी कुठं पुरल्यास?"

"दारातच."

"मग?"

इतकं तोंडावर बोलायची काही गरज नव्हती. मी मामांना झापणारच होते, तेवढ्यात पिशवीला गाठ मारत, कोणाकडे न बघता ते म्हणाले, "माझ्या पण दारात एक आहे गो. वर माड लावलाय. माडाला नारळ धरतात. पोरगा गणपतीलासुद्धा येत नाही."

गाडी आली, पिशवी गेली. आजी रिकामा डबा मांडीवर घेऊन बघत राहिली.

तिच्या सुनेला घरी सोडलं त्या दिवशी मामांची सुट्टी होती. तरी आले. हातात त्याच माडाच्या नारळाचं रोप.

"हे लाव दारात. पाणी घालताना नातवाच्या नावानं हाक मार. मी मारतो."

"मेल्या," आजी म्हणाली आणि रोप काखेत घेऊन चालू लागली.

मामा फाटकापर्यंत तिच्या मागे ओरडत गेले, "खालची प्लास्टिकची पिशवी काढून लाव गो! आणि ती पऱ्ह्याच्या पाण्यात टाकू नको, माझ्याकडे पाठव!"