एक दस्ता, दोन नळ्या

एकलहऱ्याच्या आमच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतला निकाळे एक वेळ खिशात रुमाल ठेवायला विसरेल, पण सुतळी कधी विसरायचा नाही. हातभर सुतळी, एका टोकाला गाठ. कुणाच्या घरी गेला की बसायच्या आधी खुर्चीचा हात मापायचा. छत्री, कुदळीचा दांडा, काही म्हणजे काही सोडायचा नाही. माझ्या लग्नातल्या पलंगाचा पाय त्यानं दोनदा मापला आणि दोन्ही वेळा उसासा टाकला. "लाकूड बरंय, पण यातून दस्ता निघायचा नाही."

दस्ता म्हणजे बंदुकीचा, मागचा लाकडी भाग. आणीबाणी नुकतीच उठली होती. शिकारीवर बंदी येऊनही चार-पाच वर्षं झाली होती. आणि हा सहा फुटी, झुपकेदार मिशांचा बॉयलर फिटर बंदूक घ्यायला निघाला होता. कारण विचारलं तर दोनच शब्द, "पिकाच्या राखणीला." त्याची बायको दिंडोरीच्या बाजूला गावी राहून चार एकर बघायची, एवढंच आम्हाला ठाऊक. तो शनिवारी रात्री जायचा, रविवारी परत.

दुकानदारांचा त्यानं अंत पाहिला. प्रत्येक जण दुनळी पुढं करायचा. निकाळे ती लहान मूल परत द्यावं तशी परत द्यायचा आणि म्हणायचा, "दुसरी गोळी हाताशी असली की पहिली माणूस मनापासून मारत नाही."

हे वाक्य त्यानं कुठंही वापरावं. माझी बायको दुसरा चहा पुढं करायची, तर, "नको वहिनी. दुसरा हाताशी असला की पहिला मनापासून पीत नाही माणूस." पुढं पुढं मी श्रीखंडाची वाटी पुन्हा पुढं केली की बायको हेच मला ऐकवायला लागली. एका बंदुकीपायी माझं पोट मारलं गेलं.

तीन वर्षांच्या शोधानंतर एका म्हाताऱ्या बागाईतदाराकडं त्याला हवी ती सापडली. दस्ता एक, नळ्या दोन. एक नळी छर्ऱ्याची, एक रायफलीची. एका वेळी एकच चढवायची आणि एकच काडतूस भरायचं. "पाखरांना नुसता आवाज, डुकराला गोळी," तो मला समजावायचा. "बंदूक एक, पण स्वभाव दोन."

परवान्याच्या कचेरीत हा स्वभाव आडवा आला. कारकुनानं विचारलं, "बंदूक एक लिहू का दोन?"

"दस्ता एक."

"आणि नळ्या?"

"दोन. पण एकावेळी एक."

"अहो, मग रकान्यात काय, दीड लिहू?"

असे सात-आठ महिने गेले. तेवढ्या काळात निकाळेनं जुन्या नाशकात रहीमचाचांना गाठलं. चाचा बंदुका दुरुस्त करणारे जुने कारागीर. नव्या दस्त्यासाठी त्यांनी शिसवीचा असा तुकडा काढला, की बघून पलंगाचे पाय लाजावेत. निकाळेनं सुतळी पुढं केली. "या मापानं कापा."

चाचांनी निकाळेचा हात बघितला, सुतळी बघितली. "निकाळेभाई, ये आपके हाथ का नाप नहीं है. चार उंगल छोटा है."

"कापा, चाचा."

चाचांनी कापलं, पण दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मग रबर आलं. दस्त्याच्या मागं, खांद्याला टेकतो तिथं, मऊ गादी हवी म्हणून निकाळेनं पाच जोड हवाई चपला कापून पाहिल्या. नळीच्या टोकावर नेम धरायचा मणी असतो, त्याला माशी म्हणतात. ती त्यानं पांढऱ्या बांगडीच्या तुकड्याची बसवली. कॉलनीत एकच चर्चा.

"निकाळे, बंदूक करताय का बाहुलीचा पाळणा?" मी विचारलं. "एवढा धिप्पाड माणूस आणि दणक्याला भितो?"

"भितो," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. दिवाळीत तो कानात कापूस घालूनच फिरायचा.

परवाना आला त्या रविवारी तो मला गावी घेऊन गेला. बांधावर त्याची बायको सरू उभी होती, त्याच्या छातीपर्यंतही न पोचणारी. "जयभीम, भाऊजी," म्हणत पुढं आली, तेव्हा एक पाय जरा ओढत होती. निकाळेनं परवान्याचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. आतल्या फोटोत मिशा नव्हत्या, डोक्यावरचा पदर होता.

"पायाला काय झालं, वहिनी?"

"चार वर्सं झाली. डुक्कर अंगावर आलं. गोफणीला एकच दगड व्हता."

"मग?"

"लागला की. दुसरा दगड हाताशी असला का पहिला मनापासून बसत नाय." ती हसली. "हे तवा पाळीवर होते. तिसऱ्या दिवशी कळलं यांना. तवापासून लय घोर लावून घेतलाय."

निकाळे तिकडं बांधावर मडकं ठेवत होता. मडकं ठेवून तो आमच्या मागं आला, पाठ फिरवली, कानात बोटं घातली.

सरूवहिनींनी बंदूक उचलली. दस्ता खांद्यात असा बसला, जणू तिथूनच काढला होता. बार झाला. मडक्याच्या जागी नुसती माती उडाली.

"खांदा दुखला का?" पाठमोराच निकाळे ओरडला.

"मडकं फुटलं, ते बघा की आधी."

"मडक्याचं सोड. खांदा?"

"नाय दुखला."

तेव्हा कुठं त्यानं कानातली बोटं काढली आणि वळून बघितलं. मडक्याकडं नाहीच.

परतीच्या एसटीत त्यानं खिशातून सुतळी काढली.

"आता काम झालं की," मी म्हटलं. "टाकून द्या ती."

"गाठ तिच्या कोपराशी धरली होती," तो म्हणाला, "आणि हे टोक बोटाशी."

ते टोक चिमटीत धरून, एकलहऱ्याची धुराडी दिसेपर्यंत, तो खिडकीबाहेर बघत बसला.