कव्हराखालचा कॉम्प्युटर

"घ्यायचा तर सगळ्यांत नवा. शिळा माल या घरात येणार नाही," असं हेडक्लार्कांनी घरात जाहीर केलं, तेव्हा त्यांची लेक पाचवीत होती.

तयारी मात्र लगेच झाली. सुताराकडून टेबल आलं, त्याला कीबोर्डसाठी आत-बाहेर सरकणारी फळी. बायकोने पडद्याच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवलं आणि पुढच्या बाजूला हौसेने एक फूल काढलं. माप कुठलं, तर जाहिरातीत छापलेलं. खोलीच्या दाराशी पायपुसणं पडलं आणि चपला बाहेर काढायची शिस्त लागली. आता फक्त कॉम्प्युटर यायचा बाकी होता.

तो काळच तसा होता. तांबड्या शिक्क्याची कंपनी पेपरात पानभर जाहिरात द्यायची. चित्रात कापडाने झाकलेलं काहीतरी आणि खाली दोन शब्द, 'येत आहे'. हेडक्लार्क ते कात्रण कापून फायलीत लावत. घेऊ या म्हणेपर्यंत निळ्या शिक्क्याची कंपनी जाहीर करी की आमचा दुप्पट वेगाचा आहे. त्यावर तांबडी म्हणे, थांबा, आमचा चौपट. हेडक्लार्क थांबत. आज घेतला आणि महिन्याभरात जुना झाला तर लोक काय म्हणतील? फायलीवर ते लाल शाईने शेरा मारत, 'निर्णय प्रलंबित'. अशी दहा वर्षं गेली. फायली सात झाल्या, लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला गेली आणि टेबलावर कात्रणांसाठी मागून आणलेली आजूबाजूच्या चार घरांची वर्तमानपत्रं साठू लागली.

हेडक्लार्क तांबड्या कंपनीचे. म्हणजे मनाने. त्यांचे साडू विमा एजंट होते आणि तितक्याच निष्ठेने निळ्या कंपनीचे. दोघं भेटले की त्यांची जुंपलीच म्हणून समजा. मेमरीवरून, वेगावरून, पडद्याच्या आकारावरून दोघांचे आवाज असे चढत, की बहिणी-बहिणी उठून स्वयंपाकघरात जाऊन बसत. दोघांपैकी एकानेही तोवर कॉम्प्युटरला बोट लावलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आणि मग एका वाढदिवसाला साडूंनी बशी खाली ठेवून सहज सांगितलं, "आम्ही घेतला बुवा. निळा. काल आला."

हेडक्लार्कांच्या तोंडून निघून गेलं, "आमचा परवाच आला."

शेजारी बसलेल्या बायकोला पाणी पिता पिता ठसका लागला.

"मग रविवारी येतो बघायला," साडू म्हणाले.

शनिवारभर घरात मापं चालली होती. उशा भरून पाहिल्या, कव्हर दबलं. बादली उपडी घातली, फूल वाकडं झालं. शेवटी पिठाचा मोठा चौकोनी डबा आडवा ठेवल्यावर कव्हर असं चपखल बसलं, की हेडक्लार्क स्वतःच दोन पावलं मागे सरून कौतुकाने बघत राहिले. कंपनी तरी जाहिरातीत कुठे कव्हर काढून दाखवत होती?

रविवारी साडू आले. चपला काढून, हात मागे बांधून टेबलापुढे उभे राहिले.

"कव्हर काढा की."

"आत्ताच बंद केलाय. गरम असताना हवा लागू द्यायची नसते," हेडक्लार्क म्हणाले.

साडूंनी जाणत्या माणसासारखी मान हलवली. "बरोबर आहे. आमचंही तेच."

इतका समजूतदारपणा साडूंनी लग्नापासून कधी दाखवला नव्हता. पुढच्या रविवारी हेडक्लार्क त्यांच्याकडे गेले. तिथेही कव्हरच. आग्रह केला तर उलटा आग्रह होईल या भीतीने हेही नुसते म्हणाले, "आकार मोठा आहे हो."

"मोठाच घेतला," साडू म्हणाले.

घरात मात्र बायकोचे हाल झाले. दिवसातून दोनदा कॉम्प्युटर उघडून पीठ काढायचं आणि पुन्हा फूल पुढे येईल असं कव्हर घालायचं!

अशात लेकीचा प्रकल्प आला. चाळीस पानं, सोमवारी सकाळी द्यायची. हाताने लिहिलेलं चालणार नाही, न दिल्यास वर्ष गेलं. लेक रविवारी सकाळी कागदांचा गठ्ठा घेऊन टेबलासमोर उभी राहिली. तिने कव्हरावरचं फूल सरळ केलं. हेडक्लार्कांना ते लागलं. दहा वर्षं ज्या पोरीच्या नावाने आपण फायली भरल्या, तिला द्यायला आपल्यापाशी पिठाचा डबा आहे!

त्यांनी मानापमान गिळून साडूंना फोन लावला. "आमच्यात जरा व्हायरस शिरलाय. लेकीचं काम तुमच्याकडे होईल का? निळा का असेना."

पलीकडे साडू खाकरले. मग म्हणाले, "अहो, आमच्यातही शिरलाय. तुमच्याकडूनच आला असणार."

"आमच्याकडून? आमचं कव्हर तरी काढलं होतं का तुमच्यापुढे?"

शब्दाने शब्द वाढला. फोन आपटून हेडक्लार्क लेकीला म्हणाले, "चल. त्यांना मदत करायची नाहीये. आज त्यांचं कव्हर मी स्वतः काढतो."

आणि खरंच काढलं. साडू "अहो, अहो" करत मध्ये येईपर्यंत कापड हातात आलं होतं. खाली होती एक पत्र्याची ट्रंक आणि तिच्यावर बंद पडलेला रेडिओ.

साडू मटकन खुर्चीत बसले. जन्मभर पुरेल असा विजय हेडक्लार्कांच्या हाती आला होता. पण साडूंनी खाली मान घालून म्हटलं, "चुकलं आमचं. तुम्ही घेतला म्हणजे तुमचाच खरा. चला तुमच्याकडे. व्हायरस असला तरी पोरीची पानं निघतील. मी बसतो सोबत."

लेक बापाकडे बघत होती.

"आमच्यात पीठ आहे," हेडक्लार्क म्हणाले.

साडूंना आधी तो नव्या मॉडेलचा एखादा भाग वाटला. समजलं तेव्हा त्यांना हसू आवरेना आणि मग कुणालाच आवरेना.

हसून झाल्यावर हेडक्लार्कांनी डोळे पुसले आणि खिशातून ऑफिसची किल्ली काढली. रविवारच्या रिकाम्या ऑफिसात त्यांनी आपल्या जुन्या टाइपरायटरवरचं आच्छादन दूर केलं. साडू वाचत गेले, हे बडवत गेले. चाळीस पानं, दुपारच्या चहाच्या आत, एकही खाडाखोड नाही. लेक शेजारी स्टुलावर बसून वडिलांच्या बोटांकडे बघत होती. इतकी वर्षं ती बोटं तिने फक्त कात्रणं कापतानाच पाहिली होती. हेडक्लार्कांच्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा रविवार. पुढे प्रत्येक वेळी त्यांनी तो असाच सांगितला, टाइपरायटरच्या आवाजासकट.

दोन वर्षांनी लेकीने आपल्या पहिल्या पगारातून कॉम्प्युटर आणला. तांबडा नाही, निळाही नाही.

"हा कुठला?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"दुकानात होता तो," लेक म्हणाली.

साडू आले, चपला काढून उभे राहिले. "आधी कव्हर काढा," ते म्हणाले. हेडक्लार्कांनी ऐटीत कव्हर ओढलं आणि आतल्या शिवणीत अडकलेलं जुनं पीठ पडद्यावर भुरभुरलं. साडूंनी ते हलकेच फुंकलं.

"चांगला आहे. पण पुढच्या महिन्यात निळ्यांचा नवा येतोय म्हणे."

"येऊ दे," हेडक्लार्क म्हणाले. लेकीने वळून पाहिलं. बापाच्या तोंडून हे शब्द ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिचे डोळे भरून आले आणि ती चहा टाकायला आत गेली.

ती गेल्याची खात्री करून हेडक्लार्क साडूंच्या कानाशी वाकले.

"कधी येतोय?"