पाटासारखी टाकी, टाकीसारखा पाट

शिगेझो कुराता सकाळी नऊला दाराबाहेर आले आणि जागीच थबकले. गल्लीतला पाण्याचा पाट लख्ख झाला होता.

वर्षभर खपून त्यांनी या पाटाची हुबेहूब नक्कल घरातल्या काचेच्या टाकीत उतरवली होती. तोच गाळ, तेच शेवाळ, कुजकी पानं, फुटक्या कपाचा तुकडासुद्धा. आणि त्यात पाच मेदाका मासे. शहराच्या स्पर्धेत टाकी मूळ जागेशी ताडून बघतात. तीनदा हरल्यावर बायकोने, फुमिएने, बजावलं होतं, "यंदा हरलात तर टाकी जाईल आणि तिथे माझं शिलाई मशीन येईल." परीक्षक ओनुकीबाई अकराला येणार होत्या. आणि आज एप्रिलचा पहिला रविवार, गल्लीने मिळून पाट उपसायचा दिवस, हे गृहस्थ टाकीत नाक खुपसून साफ विसरले होते!

गल्लीचे म्होरके इवाबुचीसान फावडं धूत होते. "काय कुरातासान, सगळं आटोपल्यावर उगवलात?"

"फारच स्वच्छ झालाय हो," शिगेझो रडवेल्या आवाजात म्हणाले.

"मग! एक पान सापडलं तर दाखवा."

इवाबुची चहाला गेले तशी शिगेझोंनी बादली उचलली. कोपऱ्यावरच्या ढिगातला गाळ, इकडेतिकडे बघत, सात खेपांत परत पाटात गेला. कपाचा तुकडाही त्यांनी हुडकून जागच्या जागी ठेवला.

घामाघूम होऊन ते घरात शिरले, तर फुमिए हसत उभी.

"अहो, काळजी सोडा. पाट साफ झालेला मी मघाशीच पाहिला. म्हटलं, आता हे जुळायचं कसं? म्हणून टाकीच घासून काढली. एकेक गोटा, ब्रशने!"

टाकीत पांढरेशुभ्र गोटे आणि मधोमध बावरलेले पाच मासे. शिगेझोंनी डोक्याला हात लावला. रागवणार कुणावर? मशीनवर पाणी सोडून बिचारीने पहिल्यांदाच टाकीत हात घातला होता. त्यांनी पाटाचं सांगितल्यावर तिचंही तोंड उतरलं.

ओनुकीबाई आल्या, टाकी पाहून चहा प्यायल्या. "चला, आता पाट बघू."

"आणखी एक मोची घ्या ना," म्हणत फुमिएने तांदळाच्या गोड गोळ्यांची बशी पुढे सरकवली.

"तीन झाल्या माझ्या!"

तेवढ्यात बाहेरून इवाबुचींची आरोळी आली. "कोणी केली ही घाण? समोर या!"

कबूल केलं तर गल्लीत जन्माची नाचक्की. शिगेझोंनी एकदा टाकीकडे पाहिलं आणि ते धावत सुटले.

"मीच! मीच केली! आत्ता साफ करतो!"

इवाबुचींनी फावडं त्यांच्या हातात कोंबलं. आत फुमिएने चौथी मोची पुढे केली, मग पाचवी.

अर्ध्या तासाने ओनुकीबाई पाटावर वाकल्या. "गोट्याला गोटा जुळतोय," त्या म्हणाल्या आणि पहिला नंबर देऊन गेल्या.

इवाबुचींचा राग कुठल्या कुठे पळाला. "गल्लीची शान आहे ही! पाट आता कायम असाच राहिला पाहिजे. आणि तुमचा उत्साह तर आम्ही पाहिलाच."

तेव्हापासून दर रविवारी शिगेझो पाटात उतरून, वर्षभर टाकीत जिवापाड जपलं होतं तसलंच शेवाळ खरवडत असतात. खिडकीतून फुमिएचा आवाज येतो, "अहो, ब्रश हातात आहेच तर मग टाकीही घासा. जुळायला नको का?"