दिवटीचे गाणे आणि फितूर कार्ड यांची हकीकत

श्रीकुलस्वामी समर्थ. शके १९२८, व्ययनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, इंदुवासर, म्हणजे इंग्रजी सन २००६, ये दिवशी कसबे देवास येथे टपालाच्या तिकिटाएवढ्या मेमरी कार्डाने जो दंगा मांडिला, आणि तो ज्या पराक्रमाने मोडिला गेला, त्याची हकीकत साद्यंत लिहून ठेविली असता पुढील पिढ्यांस शहाणपण येईल, ऐसे योजून लिहिली असे. शहाणपण येईलच, याची हमी मात्र लेखकाकडे मागू नये.

राजश्री मार्तंडराव हे कारखान्याच्या गोदामाचे निवृत्त अधिकारी. त्यांचे पूर्वज धारच्या दरबारी दफ्तरदार होते, ऐसे ते स्वतः सांगत. दुसरा साक्षीदार हयात नाही. त्यांच्या घरी दसऱ्यास देवापुढे दिवटी पेटवून सात कडव्यांचे गाणे म्हणावे, ऐसा कुळाचार. गाणे कागदावर कोठेही नाही. आईने ते थोरल्या लेकीस, म्हणजे धारच्या अक्कासाहेबांस, तोंडी दिले, आणि मार्तंडरावांस साठ दसरे ऐकून पहिली ओळ पाठ जाहली होती, तीही निम्मी.

यंदा अक्कासाहेब आल्या त्या वाईट वर्तमान घेऊन. शुक्रवारी इंदुरास त्यांच्या गळ्याचे ऑपरेशन, आणि मागे आवाज राहील की नाही, हे डॉक्टरांस सांगवेना. आवाज गेला तर आईचे गाणेही गेले, हे भय मार्तंडरावांस पडले. आणि मग चिरंजीव स्वानंद यांनी पुण्याहून पाठविलेला डिजिटल कॅमेरा मोहिमेवर काढावा, ऐसी मसलत ठरली. अक्कासाहेबांचे फर्मान निघाले की दोनची बस धरून आपणांस सांजवातीस धारेस पोचणे आहे, जे करणे ते त्याआधी उरकावे.

मुहूर्त पाहोन कूच जाहले. अक्कासाहेब पाटावर बसल्या, आणि सूनबाई शिवानीबाई दिवटीवर तेल घालण्यास उभ्या राहिल्या, कारण तेल सुनेनेच घालावे ही रीत. आणि मार्तंडरावांनी कॅमेरा डोळ्यास लाविला. सातही कडवी जाहली. तों पडद्यावर अक्षरे उमटली की कार्ड एरर, फाइल सेव्ह जाहली नाही. मार्तंडरावांनी कार्ड उपसोन पाहिले, तर सोनेरी पट्ट्यांवर हळद, हळदीवर कुंकू, आणि कुंकवास चिकटलेली एक अक्षत. सकाळच्या शस्त्रपूजेत पान्हे, स्कूटर, मिक्सर यांजबरोबर कॅमेरा पूजिला होता, आणि आतल्या कार्डावर अन्याय नको म्हणोन तेही बाहेर काढून स्वहस्ते पूजिले होते. एवढी भक्ती गोदामातील मालावर केली असती तर कारखाना आणखी चार वर्षे चालता.

मग उपरण्याने कार्ड ऐसे रगडिले की भांडी घासणाऱ्या बाईनेही हात टेकावे. कार्ड लखलखले. या रगड्यात त्याच्या कडेचा तीळभर खटका खाली सरकला, हे मात्र स्वारीच्या ध्यानी आले नाही.

दुसरी खेप. अक्कासाहेब पुन्हा गाइल्या, आणि पडद्यावर कुलपाचे चित्र आले. चष्मा देवघरात राहिला होता. तरी कुलूप ओळखोन मार्तंडराव संतोषले, आणि गाणे कुलूपबंद खजिन्यात दाखल जाहले, ऐसे जाहीर करोन त्यांनी पेढा खाल्ला. शिवानीबाईंनी अदबीने सुचविले की एकदा वाजवून पाहावे. वाजविले. खजिन्यात उंदीरही नव्हता.

शिवानीबाई म्हणाल्या, “बाबा, मी देखू का जरा? साइडला बारीक खटका असतो, तो सरकला की कार्ड लॉक होतं.” त्यावर हुकूम जाहला की पीपलरावां या माळव्यातल्या गावच्या लेकींनी तोफखान्यात हात घालू नये, आधी मराठी सुधारावे. आणि फोटो स्टुडिओवाले पियूषभिया यांजकडे फोनवरून कुमक मागितली. पियूषभिया ग्राहकांत बुडालेले. ते बोलले, “काकासाब, बैटरी निकालके वापस डालो, सब ठीक हो जाएगा.” बॅटरी काढिली, घातिली, आणि तिसरी खेप जाहली. कुलूप जागेवरच होते.

एक वाजला. पाचव्या कडव्यापासून अक्कासाहेबांचा स्वर चिरत गेला होता, आणि सातवे तर पुटपुटल्यासारखेच जाहले. त्यांनी पाणी घेतले, गळ्यास हात लाविला आणि नकाराची मान हलविली. मार्तंडराव बहुत घाबरे जाहले. आपल्याच हातांनी आईचे गाणे वाया घालविले, ऐसे त्यांस मनापासून वाटले. तेव्हा अक्कासाहेबांनी बसल्या आवाजात अखेरचे फर्मान काढिले, “मार्तंडा, ते डबडं सुनेच्या हाती दे.”

दिले. शिवानीबाईंनी नखाने खटका वर सरकविला. कुलूप गेले. तीन खेपांची लढाई एका नखाने फत्ते जाहली, पण गाणार कोण? अक्कासाहेबांनी सुनेकडे पाहिले, सुनेने पदर सावरला, कॅमेरा सासऱ्यांच्या हाती परत दिला आणि पहिले कडवे उचलिले. माळवी हेल, दोन ठिकाणी ‘ळ’चा ‘ल’, परंतु शब्द एकही गळाला नाही. पाच दसरे आणि आजच्या तीन खेपा तेलाची पळी घेऊन ती उभी होती, आणि ती काय करीत होती, हे विचारण्याचे कोणास सुचले नव्हते. अक्कासाहेब मांडीवर बोटांनी ताल धरीत होत्या. मार्तंडरावांच्या डोळ्यांत पाणी आले. ते दिवटीच्या धुराने आले, ऐसे त्यांनी पुढे सांगितले. दिवटी तेव्हा विझली होती.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन दफ्तरी नोंद जाहली ती ऐसी: फाइल एक, मुदत सहा मिनिटे. आवाज शिवानीबाई यांचा, ताल अक्कासाहेबांचा, कॅमेऱ्याची थरथर राजश्री मार्तंडराव यांची. कार्डास पुन्हा हळदकुंकू लावू नये, ऐसी सक्त ताकीद. दोनची बस मिळाली. फाइलीच्या शेवटी, गाणे सरल्यावर, अक्कासाहेबांचा घोगरा आवाज ऐकू येतो तो खोडू नये, ऐसे सासऱ्यांनी सुनेस विनविले आहे. तो म्हणतो, “शिवानी, आता माझा गेला तरी जावो.”