हिराजीकाकांचा दुसरा स्लॉट

गेल्या सप्टेंबरात, गौरी-गणपती बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर थळच्या हिराजीकाकांच्या संगणकावरच्या सगळ्या बोटी एकाच वेळी नाहीशा झाल्या. बोटी पहाटेच समुद्रात गेल्या होत्या. वाऱ्याचा इशारा त्यानंतर आला.

हिराजीकाका माझे शेजारी. कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, आणि माझ्या माहितीत थळमधले सर्वांत भित्रे गृहस्थ. नळाला हात लावल्याशिवाय ते संगणकाला हात लावत नाहीत. अंगातली वीज आधी जमिनीत जावी, हा त्यामागचा हिशोब. आळीतल्या सगळ्या घरांनी प्लास्टिकचे पाइप घेतले तेव्हा काकांनी आपला गंजका लोखंडी नळ ठेवला, कारण प्लास्टिकमधून वीज जात नाही. घरी आलेल्या माणसाला ते 'ये, बस' म्हणत नाहीत. म्हणतात, "नळ धरलास?" चहाला आलेला पाहुणासुद्धा आधी मोरीत जाऊन नळ धरतो आणि मग खुर्चीवर बसतो. संगणक त्याच्यापासून दोन हात लांब असला तरी.

त्यांचे दुसरे वाक्य, "आधी संशय, मग स्पर्श." ते बल्बला लागू होते, कुकरला लागू होते, एकदा बाजारातल्या पापलेटलाही लागू झाले. कोळीण म्हणाली, "काका, मासली हाय ती, बॉम्ब न्हाय." काकांनी तरीही पापलेट बोटाने न दाबता पिशवीच्या टोकाने दाबून पाहिले.

हा भित्रा माणूस आळीच्या उपयोगाचा होता. बोटीवर बसवलेले यंत्र आपली जागा सांगत राहते. काकांच्या कौलांवरची एरियल ती हाक पकडते, खालची एक डबी ती वाचते, आणि डबीची वायर संगणकाच्या पोटातल्या एका कार्डाला जाते. मग पडद्यावर बोटींचे ठिपके दिसतात. बंदराबाहेर फोनची रेंज संपली की बायका काकांकडे येत. नळ धरून विचारत, "आमचा कुठं आला?" काका न बोलता बोट दाखवीत. पडद्याला बोट लावीत नसत.

त्या दुपारी मी काकांकडेच होतो आणि त्यांची धाकटी बहीण कमल उंबऱ्यावर बसलेली होती. तिचा मुलगा नीलेश बोट घेऊन गेला होता. इतरांचे ठिपके किनाऱ्याकडे वळले होते. नीलेशचा ठिपका खांदेरी बेटाच्या पश्चिमेला बराच वेळ जागचा फारसा हलला नव्हता.

"जालं टाकलं असंल," काका म्हणाले.

"या वाऱ्यात?" कमल म्हणाली.

त्यानंतर लगेचच पडदा रिकामा झाला. निळा समुद्र तेवढा राहिला.

काशिनाथ तांडेल दारात आला. त्याची बोट धक्क्याला होती. "इंजिन बंद पडलं असंल त्याचं. मी जातंव, पन मना जागा सांगा. वारा खडकाकडं हाय. शेवटचा कुठं व्हता त्याचा काय उपेग? आता कुठं हाय तां सांगा."

काका मोरीत गेले, नळ धरला आणि परत आले. पंच्याची गाठ त्यांनी दोनदा बांधली. वर एरियल शाबूत होती. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे बोटींची हाक घरापर्यंत येत होती आणि संगणकाच्या दारात अडत होती. काकांनी संगणकातली जोडलेल्या भागांची यादी उघडून पाहिली. संगणकाच्या म्हणण्याप्रमाणे असे कार्ड त्याच्यात नव्हतेच.

"नाकारतोय," काका कुजबुजले.

संगणक बंद केला. वायर भिंतीतून काढली. ती काढल्यावरही त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, संगणक फसवून काही करत नाही ना ते बघायला. मग बाजूचा पत्रा काढला आणि माझ्या हातात टॉर्च दिली. "पत्रकार, नळ धरलास?" मी धरून आलो.

कार्ड निघाले. त्याचे सोनेरी दात खोडरबरने घासून काकांनी ते परत बसवले. संगणक चालू केला. पडदा रिकामाच. पुन्हा बंद, पुन्हा वायर, पुन्हा नळ. काशिनाथ दारात पाय आपटत होता. "काका, नळ मागनं धरा!"

"घाईत मानूस जलतो," काका म्हणाले.

टॉर्चचा उजेड स्लॉटमध्ये, म्हणजे कार्ड बसते त्या खाचेत, नीट पडला. आत हिरवट, चिकट थर दिसला. काकांनी वाकून वास घेतला आणि ते तसेच वाकलेले राहिले.

"काय?" कमलने विचारले.

"खोबरेल."

"तां कुनी घातलं?"

"मी. गनपतीच्या आधी. कार्डाच्या दातांना लावलं व्हतं. खारी हवा हाय. गंज लागंल म्हनून."

"इंजिनाला तेल लावतात तसं?"

"इंजिनाला लावतात तसं."

काशिनाथने कपाळाला हात लावला. दर हंगामात बोटीच्या प्रत्येक लोखंडाला तेल चोपडणाऱ्या त्या आळीत त्यावर कोणी हसले नाही. स्लॉट धुवायला काहीतरी हवे होते. काशिनाथ म्हणाला, "माझ्याकडं बाटली हाय. देशी. चालंल?"

"त्यात पानी असतं."

"आमच्याकडच्यात नसतं."

शेवटी आळीतल्या नर्सबाईंकडून स्पिरिट आले. काकांनी दातांच्या ब्रशने स्लॉट घासला. तेल निघाले तेव्हा त्याखाली दोन बारीक पट्ट्या काळ्या पडून वाकलेल्या दिसल्या. कार्ड पुन्हा बसवले. पडदा रिकामा. बाहेर माडांच्या झावळ्या एका बाजूला ओढल्या गेल्या होत्या.

"आता दोषी कोन?" काका स्वतःशीच बोलू लागले. "कार्ड का स्लॉट? कार्ड दुसऱ्या जागी लावलं तर कलंल."

मदरबोर्डवर तसाच दुसरा स्लॉट होता, पण तो मोकळा नव्हता. त्यात एक जुने कार्ड होते, धुळीने राखाडी झालेले. बाकी सगळे काकांनी फडक्याने पुसलेले होते. याला हात लावलेला दिसत नव्हता. ते टीव्हीचे कार्ड होते. विजा पडतील म्हणून काकांनी घरात टीव्ही कधी घेतला नाही. बायकोने, सुलोचनाकाकूंनी, फार लावून धरले तेव्हा त्यांनी संगणकात हे कार्ड बसवून दिले, आणि काकू बोंबील निवडता निवडता संगणकावर मालिका बघू लागल्या. काका तेवढा वेळ ओटीवर बसत. ज्या केबलवर ते कार्ड चालायचे ती आळीतून केव्हाच गेली. काकूही गेल्या. कार्ड राहिले.

"तां काढ," कमल म्हणाली.

काकांनी पहिल्याच स्लॉटवर पुन्हा ब्रश फिरवला.

"दादा, तां बंदच हाय ना?"

"बंदच हाय."

"मग?"

"तां तिच्या वेलेपासून कधी काढलं न्हाय. एकदा काढलं की परत बसत न्हाय, कमल."

कमल उंबऱ्यावरून उठली. मोरीत गेली. नळाला हात लावल्याचा, आणि थोडे पाणी सांडल्याचा आवाज आला. ती परत येऊन भावासमोर उभी राहिली.

"माझा पोर बाहेर हाय, दादा," ती म्हणाली. "त्याचा पन भ्याव वाटू दे तुला."

काकांनी दोन्ही हात पंच्याला पुसले. या वेळी ते नळाकडे गेले नाहीत. टीव्हीचे कार्ड त्यांनी दोन्ही टोकांना धरले आणि सरळ वर ओढले. ते एकदम सुटले नाही. सुटले तेव्हा काकांनी ते कमलच्या हातात दिले आणि बोटींचे कार्ड त्या जागी दाबून बसवले.

संगणक चालू झाला. पडद्यावर समुद्र आला. काही वेळ तेवढाच होता. मग रेवसकडे एक ठिपका उमटला, धक्क्याजवळ दोन. कमल प्रत्येक ठिपक्याला "हा?" विचारत होती आणि काका नाही म्हणून मान हलवत होते. नीलेशचा ठिपका सर्वांत शेवटी आला. तो खांदेरीच्या दक्षिणेला होता आणि खडकाच्या दिशेने हळूहळू सरकत होता. काकांनी पडद्याला बोट लावले.

काशिनाथ पळत गेला.

काशिनाथचा ठिपका धक्क्यापासून निघाला. दोन ठिपके जवळ आले, एकमेकांवर चढले आणि त्यातला कोणता कोणाचा ते कळेनासे झाले. काका पडद्याजवळ वाकून होते. कमलच्या हातात ते कार्ड होते. मग दोन्ही ठिपके एका मागोमाग किनाऱ्याकडे येऊ लागले.

नीलेशची बोट दिवेलागणीपूर्वी काशिनाथच्या बोटीमागे दोराने बांधून धक्क्याला आली. बोटीवरचे सगळे सुखरूप होते. इंजिन खाऱ्या पाण्याने बंद पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराजीकाकांनी नळ धरला, संगणक बंद करून उघडला आणि टीव्हीचे कार्ड बिघडलेल्या पहिल्या स्लॉटमध्ये बसवले. ते बसले.