सासूबाईंचे पाय आणि साहेबांचा समुद्र

शहरातल्या कुठल्या गल्लीचा नळ कधी सुटणार आणि कधी बंद होणार, हे जो माणूस ठरवतो, त्याला एका दिवसाची सहल ठरवणं किती अवघड जाणार? व्हॉल्व्हसाहेबांनाही हेच वाटलं. चहाच्या कपातून तोंड वर काढून ते म्हणाले, "गाव मी ठरवतो."

झालं. घरात एकदम शांतता पसरली. (ही शांतता आदराची आहे, असा साहेबांचा लग्नापासूनचा समज आहे.)

व्हॉल्व्हसाहेब हे नाव त्यांना गल्लीनं ठेवलेलं. तोंडावर नुसतं 'साहेब', पाठ वळली की पूर्ण पदवी, आणि पाणी आलं नाही तर पुढे आणखी दोन विशेषणं, जी छापण्यासारखी नाहीत. पाणीपुरवठा खात्यात त्यांच्या टेबलासमोर रोज कोणी ना कोणी रिकामा चेहरा घेऊन उभा असे. "साहेब, आमच्याकडे पाणी भल्या पहाटे येतं हो. आम्ही झोपेत असतो."

साहेब मान वर न करता विचारत, "पाणी येतं ना?"

"येतं."

"मग तक्रार पाण्याची नाही, झोपेची आहे. बाहेर बोर्ड लावलाय. वाचत जा."

जगात पाण्याची टंचाई अशी नाहीच, टंचाई आहे ती शिस्तीची, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतःच्या घरी त्यांनी टाकी बसवून घेतलेली असल्यामुळे ते मत कधी डळमळलं नाही.

तर सहल निघाली ती सासूबाईंच्या गुडघ्यांतून. डोंगरापलीकडच्या गावात त्यांनी जन्मभर शिवणकाम केलं, आणि मशीनचं पायडल मारून मारून दोन्ही गुडघे कामातून गेले. आता ते बदलून घ्यायला त्या लेकीकडे आल्या होत्या. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. डॉक्टरांनी विचारलं, काही शंका आहे का? सासूबाई म्हणाल्या, शंका नाही, पण समुद्र बघितलेला नाही.

घरी आल्यावर त्यांनी खुलासा केला. "जावईबापू, एकदा समुद्रात पाय बुडवायचेत. ऑपरेशनच्या आधी. नंतरचे गुडघे काय, डॉक्टरचे. हे आहेत तोवर माझे आहेत."

यावर नाही म्हणायला दगडाचं काळीज लागतं. साहेबांकडे ते होतं, पण बायको समोर उभी होती.

"मोठ्या किनाऱ्याला जाऊ या," बायको म्हणाली. "तिथे बसायला बाक आहेत, आइस्क्रीम आहे, सगळं जग जातं."

"म्हणूनच नको. सगळं जग जातं तिथे समुद्र दिसत नाही. लोकांच्या पाठी दिसतात."

"दीपगृहाच्या गावी जाऊ ना, बाबा," मुलगी म्हणाली. ती कॉलेजात होती आणि बापाला दुरुस्त करायचा नाद तिनं अजून सोडलेला नव्हता.

"तिथे जायला मध्ये गाडी बदलावी लागते. आजीला पूल चढवून पलीकडे कोण नेणार? तू?"

हा मुद्दा बरोबर होता. तिथेच घात झाला. साहेबांचा एक मुद्दा बरोबर निघाला की पुढचे दहा तपासायचे नसतात, अशी त्यांच्या खात्याची आणि घराची रीत होती.

त्यांनी नकाशा पसरला आणि किनाऱ्यावरून बोट फिरवत फिरवत एका गावापाशी थांबले. छोटंसं गाव. थेट गाडी. आणि स्टेशनाचा ठिपका असा, की अर्धा जमिनीवर आणि अर्धा निळ्या रंगात!

"बघा! फलाटावर उतरायचं, रस्ता ओलांडायचा, की पाय पाण्यात. असली सोय सोडून लोक गर्दीत मरायला जातात."

"कोणी जात नाही, त्याला काही कारण असेल," बायको म्हणाली.

"आहे ना. लोक नकाशा बघत नाहीत."

मुलीनं तेवढ्यात मोबाइलवर त्या गावाविषयी कोणी काय लिहिलंय ते शोधलं. एकाच माणसानं लिहिलं होतं. ती वाचायला लागली, "गाव स्वच्छ आहे. माणसं बरी आहेत. समुद्र भेटला नाही."

साहेब खो खो हसले. "भेटला नाही म्हणे! समुद्र काय दाताचा डॉक्टर आहे? लोकांना लिहायला काय जातं?"

बायको हसली नाही. "हे पाहा, गाव तुमचं, गाडी तुमची. मला एवढंच कळतं, आईचे पाय ओले झाले पाहिजेत."

"होतील. माझी जबाबदारी." (खात्यातही ते हे वाक्य वापरत. गल्ल्यांमधल्या बायका ते ऐकलं की बादल्या उपड्या घालून ठेवत.)

रविवारी सकाळी मंडळी गाडीत बसली. सासूबाईंना खिडकी. साहेब समोर, बूट पॉलिश केलेले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात परतीच्या आरक्षणाचं महत्त्व सांगत. शेजारी एक टोपीवाला प्रवासी पेंगत होता. गावाचं नाव कानावर पडताच त्यानं एक डोळा उघडला.

"तिकडे? काय काम काढलंत?"

"काम कसलं! समुद्र बघायचाय."

टोपीवाल्यानं दुसरा डोळाही उघडला. "आज?"

"का? रविवारी बंद असतो?"

"बंद नसतो हो…" टोपीवाला सांगायला लागला, पण त्याचं स्टेशन आलं आणि तो उतरला. फलाटावरून त्यानं खिडकीतल्या सासूबाईंकडे असं बघितलं, जसं दवाखान्यात पेशंटकडे बघतात.

साहेबांचं गाव मात्र नकाशाबरहुकूम निघालं. गाडी वेळेवर पोचली, फलाट सपाट, रस्ता समोर, रस्त्यापलीकडे खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. साहेबांनी सासूबाईंचा हात धरून त्यांना पहिल्या पायरीपर्यंत नेलं आणि नाटकातला पडदा उघडावा तसा दुसरा हात फिरवला. "हा बघा!"

सगळ्यांनी बघितलं. पायऱ्या संपत होत्या तिथून चिखल सुरू होत होता, आणि तो नजर जाईल तिथवर होता. करडा, चकचकीत, मैलोन् मैल. मध्ये दोन होड्या कुशीवर पडलेल्या. एक कुत्रा लांबवर आपल्या कामाला निघालेला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "समुद्र गेलाय."

सासूबाईंनी काठीवर रेलून चिखल न्याहाळला. "असा असतो होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, ओला असेल."

"असेल, असेल," साहेब घाईघाईनं म्हणाले. "पुढे असेल." त्यांनी पिशवी तिथल्या एका खांबाला अडकवली आणि कंबरेवर हात ठेवून चिखलाची पाहणी केली. खात्याची पाइपलाइन फुटली की ते असेच उभे राहत. "मी बघून येतो."

"काय बघून येता? नळ आहे का तो?" बायकोनं विचारलं. पण साहेब पायऱ्या उतरले होते.

पहिली काही पावलं ऐटीत पडली. मग पाय घोट्यापर्यंत रुतला. मग पोटरीपर्यंत. साहेबांनी मागे वळून सगळं ठीक असल्याची खूण केली, आणि त्या खुणेच्या भारानं गुडघ्यापर्यंत खाली गेले. डावा पाय उपसला, तो मोज्यासकट आला. बूट आला नाही. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी बूट चाचपला, तर हाताला काहीतरी लागलं, ते हललं आणि निघून गेलं. साहेबांनी बुटाचा नाद सोडला आणि जनावरासारखे चार पायांवर परत आले. मुलगी व्हिडिओ काढत होती.

पायऱ्यांच्या वर एक माणूस भाड्यानं द्यायच्या खुर्च्यांचा ढीग लावून त्यातल्याच एका खुर्चीत झोपला होता. साहेब त्याच्यासमोर उभे राहिले. उजव्या पायात बूट, डावा मोजा चिखलानं गळतोय.

"समुद्र कुठाय?"

"येईल," खुर्चीवाला डोळे मिटूनच म्हणाला.

"येईल म्हणजे काय? माणसं लांबून येतात. काही वेळ-काळ?"

"बोर्ड लावलाय. वाचत जा."

हे वाक्य समोरून ऐकायची साहेबांची पहिलीच वेळ होती. त्यांना ते अत्यंत उर्मट वाटलं. ते काही बोलणार, तोच बायकोनं खांबाला अडकवलेली पिशवी बाजूला केली. खांबाच्या डोक्यावर हातभर अक्षरांत या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा होत्या. साहेबांच्या पिशवीनं झाकला होता तो नेमका आजचा वार. पाणी पायऱ्यांना लागणार होतं संध्याकाळी साडेपाचला. परतीची गाडी पाचला होती.

मग दुपार गेली. ती कशी गेली ते विचारू नये. सासूबाईंनी भाड्यानं एक खुर्ची घेतली आणि पहिल्या पायरीवर मांडून चिखलाकडे तोंड करून बसल्या. बाकीचे नुसते खात राहिले, आणि मधून मधून साहेबांच्या मोज्याकडे बघत राहिले.

साडेचार झाले. लांबवर एक पांढरी रेघ दिसायला लागली होती. साहेब उठले. "चला. गाडी."

"आई, निघायचं का गं?" बायकोनं विचारलं.

"मी बसते," सासूबाई म्हणाल्या. "पाणी येईपर्यंत बसते. टाकी बसायच्या आधी तुमच्याकडे राहायला आले, की दुसरं काय करत होते मी?"

"अहो आई, ही शेवटची थेट गाडी आहे! आरक्षण आहे!"

"मग तुम्ही जा," बायको शांतपणे म्हणाली. "जागा धरून ठेवा. चार जागा आहेत, आडवे पडा."

"वेळ म्हणजे वेळ," साहेब म्हणाले. "मी निघालो." आपण निघालो की मागून हाका येणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. रस्ता ओलांडेपर्यंत त्यांनी कान मागे ठेवले होते. हाक आली नाही. आलं ते मुलीचं हसणं, बहुतेक व्हिडिओ पुन्हा लागला असावा.

फलाटावर ते एकटेच. पाच वाजले. वरच्या भोंग्यातून एक बाई गोड आवाजात म्हणाली, गाडीला थोडा उशीर होईल. किती थोडा, ते ती सांगेना. साहेब चिडले. असं मोघम सांगतात का लोकांना? माणसानं वाट बघायची तरी किती? ते तक्रार करायला स्टेशनमास्तरच्या खिडकीशी गेले. आत मास्तर चहा पीत होते. मान वर न करता म्हणाले, "गाडी येते ना? मग झालं."

परत किनाऱ्यावर जावं का? जाता आलं असतं. पण जायचं म्हणजे बायको 'आलात?' म्हणणार. साहेब चुळबुळत बसले. भोंगा दर थोड्या वेळानं आणखी थोडा उशीर जाहीर करत राहिला, आणि तो दर वेळी इतका बेताचा असे की तेवढ्यासाठी माघार घेणं परवडत नव्हतं.

आणि मग आवाज यायला लागला. आधी सळसळ, मग घुसळल्यासारखा, मग फलाटाच्या भिंतीपलीकडे चक्क धडाधड. कधी नव्हे तो समुद्र वेळेवर आला होता, निदान साहेबांच्या मते. भिंत उंच. त्यांना दिसत काहीच नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. मुलगी किंचाळत होती. बायको हसत होती, तेही असं, की आपली बायको असं हसते हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. आणि मग सासूबाईंचा आवाज, खणखणीत: "अगं बाई! ये, ये, आणखी वर ये! घाबरू नकोस!" त्या नातीला म्हणत होत्या की समुद्राला, ते कळायला मार्ग नव्हता.

साहेब बाकावर चढले. बाकावरून चवड्यांवर. एका पायात बूट आणि दुसऱ्यात वाळून कडक झालेला मोजा असल्यामुळे ते तिरके उभे होते. भिंतीवरून नुसता एक तुषार उडताना दिसला.

"ओ!" मास्तर खिडकीतून ओरडले. "उतरा खाली! तोल जाईल!"

साहेब उतरले.

गाडी आली तेव्हा सवासहा होऊन गेले होते. तिच्या दोनच मिनिटं आधी तिघी फलाटावर आल्या, निथळत, खिदळत, बांगड्यांपर्यंत ओल्या. सासूबाई तर काठी खांद्यावर टाकून आल्या होत्या.

"जावईबापू! पायऱ्यांवर बसल्या बसल्या पाय भिजले हो! एक पाऊल चालायला लागलं नाही. तोच चालत आला माझ्याकडे!"

साहेबांचा चेहरा उजळला. "मग! मी म्हटलंच होतं! स्टेशनासमोर, पायऱ्या, चढ-उतार नाही… गाव कोणी ठरवलं?"

"तुम्हीच हो, तुम्हीच," सासूबाई मनापासून म्हणाल्या. "पण तुमचं राहूनच गेलं की. मला काही चैन पडेना. म्हणून आणलंय थोडं." त्यांनी पदराआडून पाण्याची बाटली काढली. "पाय पुढे करा."

"आई, इथे? गाडीतले लोक बघताहेत."

"तुम्हाला बाकावर चढलेलंही बघितलंय, असं मास्तर म्हणाले. करा पुढे."

साहेबांनी मोजा सोलून काढला आणि डावा पाय पुढे केला. सासूबाईंनी त्यावर समुद्र ओतला. गार होता. चिखल धुऊन निघाला, बोटं दिसली. कोणाला कळू न देता साहेबांना ते बरं वाटलं, इतकं बरं, की गाडीची शिटी झाली तरी ते बाकावर टेकले, उजव्या बुटाची नाडी सोडली आणि आपण होऊन तोही पाय पुढे केला.

सासूबाईंनी बाटली उपडी केली, हलवली, बुडावर थाप मारली.

"संपलं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "एकाच पायापुरतं आलं."